कीप

रोडेलिओच्या वहीत एका शब्दाला चार पानं लागली.
वही बिस्किटांच्या डब्यात, डबा बोटीवर उशाशी,
पानांना डिझेलचा वास.

पहिल्याच आठवड्यात, किलकीलच्या धक्क्यावर,
बर्फाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या ॲनेटनं विचारलं,
'हाऊ आर यू कीपिंग?'
रोडेलिओनं बादलीत वाकून पाहिलं, मोजलं,
आणि प्रामाणिकपणे सांगितलं, 'तीन खेकडे, सर.'
ॲनेट इतका हसला
की त्याची कवळी बर्फात पडता पडता राहिली.
कसा आहेस, एवढंच विचारत होता तो.
पण रात्री रोडेलिओला वाटलं, प्रश्न बरा आहे.
कसं ठेवलंयस स्वतःला? कुठे? कशात गुंडाळून?

मग तो शब्द जिथे तिथे भेटू लागला,
नवी ओळख झालेला माणूस
दर वळणावर दिसतो तसा.
बर्फाशिवाय मासा कीप होत नाही, म्हणजे टिकत नाही.
मिसेस कझिन्स कोंबड्या कीप करते, म्हणजे पाळते,
आणि रविवार कीप करते, तोही पाळतेच,
त्या दिवशी दोरीवर साधा टॉवेल वाळत घालत नाही.
कोळंबी बोटभर नसली तर परत पाण्यात,
असली की डेव्ही ओरडतो, 'कीपर!'
गोलसमोर वाकून उभा असतो तोही कीपर,
आणि दीपगृहात आता कुणीच राहत नाही,
त्या नसलेल्या माणसाचं नावही तेच.
इंजिन खोकायला लागलं की डेव्हीचं पालुपद,
'कीप हर लिट!' पेटती ठेव तिला.
इथे बोट बाई असते,
लांबलेला दिवस बाई,
आणि दमून भिंतीला टेकलेला पुरुषसुद्धा.

पासपोर्ट मालकाकडे होता.
आल्या दिवशी मकिबिन खुर्चीतून न उठता म्हणाले,
'तुझ्यासाठी मी कीप करतो.'
आवाज मऊ. ड्रॉवरही मऊ सरकला.
वहीत लिहिलं गेलं: सांभाळणे.

सतराव्या महिन्यात बातांगासहून फोन आला.
वडील.
मकिबिन म्हणाले, 'कीप द हेड, सन.'
डोकं ताळ्यावर ठेव, सीझन संपू दे.
ड्रॉवर हलला नाही.
त्या रात्री त्यानं 'सांभाळणे' खोडलं नाही,
शेजारी फक्त घरचा शब्द लिहिला, इतागो.
तिकडे ठेवणं आणि लपवणं
दोन्हींना तेवढा एकच पुरतो.
आई नोटांची घडी हातात द्यायची, म्हणायची, इतागो मो,
आणि पोराला कळायचं
की बापाला सांगायचं नाही.

पुढच्या रविवारी मिसेस कझिन्सनं रविवार मोडला.
चर्चची टोपी डोक्यावर तशीच,
अंडी उकडून घेतली, मकिबिनच्या घरी गेली.
काय बोलली? ॲनेट म्हणतो, काही नाही.
बसून राहिली नुसती. चहा आला, गार झाला.
दिवे लागले.
बसून राहण्यालाही इंग्रजीत हाच शब्द लागतो.

सोमवारी पासपोर्ट आला,
आतल्या फोटोत रोडेलिओला केस जास्त होते.
नऊ दिवसांची प्रार्थना केव्हाच आटोपली होती,
चाळिसावा दिवस गाठता आला असता,
बेलफास्टचं धुकं उठलं तर.

बोटीवर त्याच्या जागी विशीतला जोव्हेन आला.
उशाशी त्याला डबा सापडला, डब्यात वही,
चौथं पान अर्धं कोरं.
झाकणावर मार्करनं एकच शब्द: कीप.
ठेव म्हणतोय, की लपव,
की टिकून राहा,
जोव्हेनला कळेना.
खाली तीन खेकडे काढले होते,
एकाला पाय सातच.