पान एकशे बारा

नारायण पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप केले.
पानाला बारा रुपये, तक्त्याला वीस,
तळटीपा फार असतील तर घासाघीस.
खालून धडधड, कीबोर्डवर ज्वारीची भुकटी,
आणि मार्गदर्शकांचा फोन : बाई, सोमवारी हवंय.

दोनशे चौदा प्रबंध.
कापूस, कीर्तन, क्षयरोग, करवसुली.
मरून रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरं,
प्रती पाच. सहावी कोणी काढली नाही.
माझं नाव ऋणनिर्देशाच्या शेवटी,
"सुबक टंकलेखनाबद्दल",
बाइंडरच्या जरा आधी.

एकदा गेले होते ग्रंथालयात, बघायला.
काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, सभासद?
म्हटलं, नाही, पण हे मी टाइप केलंय.
ते म्हणाले, ते ठीक आहे.
पण सभासद आहात का?

आता आतल्या खोलीत कॉट बेसिसवर
यास्मिन मुजावर राहते, मंगळवेढ्याची.
भूजलावर एम.एस्सी. करते.
रात्री तिच्या लॅपटॉपवर दार आडवं येतं :
एक लेख, चौदा पानं, एकोणचाळीस डॉलर.
म्हणजे मेसचा अख्खा महिना.
मग ती लेखकालाच पत्र टाकते,
आणि कुठल्याशा देशातला तो माणूस
सकाळी लेख पाठवून देतो, वर लिहितो,
कोणीतरी वाचतंय, बरं वाटलं.

माझी आई घागर घेऊन विहिरीशी उभी राहायची.
विहिरीशी म्हणजे विहिरीपासून लांब.
वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी.
ओतणारी बाई पुष्कळदा चांगली असायची.
पण चांगली बाई कधी येईल
याची वाट बघत दुपार व्हायची.
हे मी यास्मिनला सांगितलं नाही. तिची परीक्षा होती.

परवा तिने हाक मारली, काकू, हा तुमचाच ना?
उद्धव खळदकर, पुरंदरच्या विहिरी, अठ्ठ्याण्णव साल.
स्क्रीनवर, अख्खा. कुलूप नाही, सभासद नाही, पैसे नाहीत.
स्कॅन वाकडं. पान चाळीसवर
कोणाचा तरी अंगठा आलाय, नखासकट.
आणि खाली आकडा : उतरवून घेतलेल्या प्रती एकशे नव्वद.

मी तो पहिल्यांदाच वाचला.
टाइप करताना आपण वाचत नसतो, बोटं वाचतात.
पान एकशे बारा.
"एप्रिलनंतर विहिरीत पाणि उरत नाही."
णि. ऱ्हस्व.
नारायण पेठेत बसून ऱ्हस्व! जीव गेला माझा.
पाणिग्रहणातला पाणि. म्हणजे हात.
मार्गदर्शकांना दिसला नाही, दोन परीक्षकांना दिसला नाही.
यास्मिन म्हणाली, मला दिसला होता.
मी तसाच उतरवलाय, पुढे लिहिलंय, मुळात असेच.

त्या रात्री पलंगाखालून फ्लॉप्यांचं खोकं काढलं.
तापकीर गल्लीत साडेसातशेला ड्राइव्ह मिळाला,
दुकानदार म्हणाला, म्युझियम काढताय का?
फाइल उघडली तर नुसते कंस, टिंबं, टोपीवाले एस.
त्या फॉन्टची कंपनी कधीच बुडाली.
पण कोणी एकाने त्यातून मराठी परत काढणारं सॉफ्टवेअर
लिहून मोकळं सोडलंय.
वापरा, बदला, पुढे द्या, एवढंच म्हणतो.
नावाच्या जागी फक्त : कोथरूड.

मग एकेकाला फोन. तुमचा प्रबंध खुला करू का?
अकरा जण हो म्हणाले.
एक वारले होते, त्यांच्या बायकोने हो म्हटलं,
आणि विचारलं, त्यात काय होतं हो?
एक गृहस्थ म्हणाले, फुकट?
म्हटलं, फुकट नाही, मुक्त.
ते म्हणाले, फरक काय?
फरक सांगायला पाऊण तास लागला.
कळवतो म्हणाले.

बाकीच्यांचं सगळं सुधारते मी, वेलांटी न् वेलांटी.
एकशे बारा मात्र तसंच राहू दिलंय.

गिरणी हल्ली सातला बंद होते.
आज बत्तिसावी फ्लॉपी.
घर्र करते, थांबते, पुन्हा घर्र.
क्षयरोगाचा असावा हा.