साडेचार तास

व्याझ्मा. मार्चचा चिखल बूट सोडायला तयार नाही.
प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय:
‘जमीन देऊन सैन्यानं वेळ विकत घेतला.’
वाक्य चांगलं आहे. मार्गदर्शकांनी
त्याखाली रेघ ओढली, कौतुकाची.

ग्लाफिरा सावेल्येव्हना ते वाचून घेते माझ्याकडून,
मोतीबिंदूचे डोळे खिडकीकडे लावून.
“कुणाची जमीन?”
मग बटाटे सोलता सोलता,
“आमच्या गावाचा किती आला?”

मी नकाशा उलगडते. लाल बाण, निळे बाण,
गावाच्या जागी भोक.
घडी नेमकी तिथंच पडत आलीय,
कागद विरलाय.
पलटणीची रोजनिशी: पहाटे सहाला पूल उडवला.
शत्रू नदीपार, साडेदहाला.

साडेचार तास, मी म्हणते,
आणि माझा आवाज होतो
उरलेली चिल्लर परत देणाऱ्या दुकानदाराचा.

ती गप्प. साल लांबत जाते, तुटत नाही.
“आईनं राईचं पीठ भिजवून ठेवलं होतं.
तेवढ्यात फुगलं असेल गं.
कुणी भाजलं असेल का?”

रोजनिशीत पिठाची नोंद नाही.

रात्री ते वाक्य खोडायला बसते.
खोडत नाही; खोटं नाहीये ते.
फक्त ‘देऊन’च्या डोक्यावर
तळटिपेचा बारीक आकडा बसवते
आणि पानाच्या तळाशी
चार ओळींची जागा कोरी ठेवते.

मुद्रितं तपासणारा विचारेलच:
इथलं काही राहिलंय का?