सव्वासातची भिंत

धुरंधर बाईंनी फोन माझ्यापुढे धरला:
निळी हायड्रेंजिया, बशीएवढे गुलाब,
कुठल्यातरी थंड देशातलं लग्न.
"अगदी अस्संच हवं. बारा फूट बाय आठ."

म्हटलं, बाई, साखरपुडा वैशाखात आहे.
ही फुलं विमानाने येतील, बर्फाच्या पेटीत बसून,
आणि खारच्या हॉलच्या दारातच त्यांना घेरी येईल.
वैशाखाकडे स्वतःचं बरंच काही असतं.
"उदाहरणार्थ?"
मला सांगता येईना.
पर्समधला रुमाल काढून दिला, कालचा चाफा गुंडाळलेला.
बाईंनी डोळे मिटले.
मग उघडून विचारलं, "फोटोत दिसेल?"

पहाटे साडेतीन, दादरचा फुलबाजार.
लग्नतिथ, त्यात शनिवार, मोगरा आभाळाला टेकलेला.
कळीच द्या, म्हटलं, घट्ट मिटलेली,
उमललेलं एक नको.
"उमललेला अर्ध्या भावात देतो की, ताई."
नको.
वसईहून बावतीस तुस्कानो आला,
केळीच्या पानात सोनचाफे, सहाशे सांगितलेले.
मोजले. पाचशे ब्याण्णव.
मे महिना मारियामाउलीचा,
आठ त्याच्या बायकोने तिला वाहिले होते.
त्या आठांचे पैसे कापले नाहीत.

बहावा घ्यावा असं निताईचं म्हणणं.
नको रे, तोडला की चार तासांत मान टाकतो,
त्याला रस्त्यावरच झुलू दे, फुकट.
निताई मेदिनीपूरचा. हिरवा स्पंज वापरत नाही,
तो कुजत नाही म्हणून त्याला भीती वाटते त्याची.
कोंबड्यांची जाळी, काथ्या, ओला कापूस,
खाली आंब्याचे डहाळे,
त्यावर कळ्यांच्या सरी सोडल्या, हात लांब करून करून.

सहा वाजता बाई आल्या.
"ही तर तांदूळ चिकटवलेली भिंत! फुलं कुठायत?"
सव्वासातला, मी म्हणाले.
मोगऱ्याला वेळ कळते.

साडेसहा.
सात.
एकही कळी हलेना.
माझ्याच पोटात काहीतरी मिटत चाललं.
तेव्हा निताईने तळहात वर धरला, नुसता धरून ठेवला:
भिंतीच्या डोक्यावर एसी, सोळावर,
गार झोत थेट कळ्यांच्या तोंडावर.

मन्सूरभाई, हॉलचा वायरमन, ऐकेना.
अर्धा तास? माझी नोकरी जाईल.
बरं, वीस मिनिटं.
तो भिंतीपाशी आला, एक कळी चाचपली,
लहान बाळाचा ताप बघावा तशी,
आणि जाऊन बटण दाबलं.

खिडक्या उघडल्या. वैशाख आत आला.
फोटोग्राफरचा शर्ट पाठीला चिकटला,
धुरंधर काकांनी कोट काढून व्याह्यांच्या हातात दिला.
आधी वास आला.
दिसायला अजून काहीच नव्हतं,
पण केटररचा पोऱ्या ग्लासांचा ट्रे घेऊन
मध्येच थांबला, कुणीतरी हाक मारल्यासारखा.
मग डावीकडच्या कोपऱ्यातून सुरू झालं,
आणि कुठली कळी कधी उघडली
ते इतकं टक लावूनही मला कळलं नाही.

शलाका आली, ती सरळ भिंतीपुढेच.
"मॅडम, इकडे बघा, इकडे!"
पहिले अकरा फोटो तिच्या पाठीचे आहेत.

रात्री एकला उतरवताना
मोगरा पिवळट, चाफ्याच्या कडा चहाच्या रंगाच्या.
मन्सूरभाईने काही मागितलं नाही,
नुसता रुमाल पसरून उभा राहिला. भरून दिला.
निताईने जाळी गुंडाळली, पुढच्या वेळेसाठी.

बाईंचा मेसेज आला:
वास फोटोत आला नाही. बाकी ठीक.

वहीत पुढची ओळ लिहिली:
ज्येष्ठ, चेंबूर, बारसं. अनंत.
आणि खाली, अधोरेखित:
हॉलच्या खिडक्या उघडतात का, ते आधी विचारणे.