अर्धा नंबर

चावीचं मशीन बंद केलं तेव्हा
ती काउंटरपाशी उभीच होती,
बेरिल एंटविसल, मागच्या गल्लीतली.
एरवी येते घड्याळाच्या सेलसाठी.
आज पिशवीतून निघाला
कॅलिफोर्नियाची तिकिटं लावलेला खोका,
खोक्यातून एक जोड,
पांढऱ्या सँडल, आता सायीच्या रंगाच्या.
"टाचा बदलून दे. घाई नाही."

मोरकममध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही.
मीही नाही विचारलं.
तीच सांगू लागली, हातमोजे न काढता.

युद्ध संपलं, आणि गावाला गिऱ्हाईक हवं होतं.
म्हणून तलावाच्या काठावर चालवल्या पोरी:
बोल्टनच्या गिरणीतल्या, लीड्सच्या टायपिस्ट,
मनगटाला नंबराची चकती,
अंगावर शहारे, ओठांवर हसू.
छत्र्यांखाली परीक्षक, गुडघ्यांवर घोंगड्या.
खाडीवरून वारा असा यायचा
की मुकुट पिनांनी टाचावा लागे.
पुठ्ठ्याचाच होता तो पहिली काही वर्षं.

मग वर्तमानपत्रवाले आले, मग कॅमेरे,
मग गावाची स्पर्धा देशाची झाली,
आणि छातीवर देशाचं नाव तिरपं लावून
पोरी बोटीत बसू लागल्या.
एक परदेशात पाचवी आली, एक तिसरी.
एकीला तिकडेच नवरा मिळाला,
तोही गावाने बक्षिसात धरला.

एकसष्ट साली बेरिल दुसरी.
पहिली मॅव्हिस क्रॉस्ली, ओल्डहॅमची,
पिंजणखात्यातली, भुवयांतसुद्धा कापूस.
जगापुढे उभं राहायला तिच्याकडे
होते फक्त कामावरचे बूट.
"मग मी माझ्या दिल्या.
तिला अर्धा नंबर मोठ्या."
चिमटीत तिने अर्धा नंबर दाखवला,
तांदळाच्या दाण्याएवढा.

मॅव्हिस जिंकली. जगात पहिली!
त्या रात्री बंदरावर चिप्स फुकट वाटले.
सकाळी पहिल्या पानावर फोटो,
मुकुटापासून गुडघ्यांपर्यंत.
पाय कापलेले.

ती परत आली नाही. नाताळची कार्डं यायची.
पुढे एका वर्षी दारात फलक घेऊन बायका उभ्या,
आम्ही बाजारातली गुरं नव्हे, म्हणत.
बेरिल त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली होती.
हे तिने मला दोनदा सांगितलं.
मग तलाव पाडला. तिथे आता गवत आहे,
आणि कुत्र्यांना सक्त मनाई.

परवा मॅव्हिसच्या लेकीची चिठ्ठी आली:
आईच्या कपाटात सापडल्या,
आत तुमचं नाव होतं.

मी सँडल उलटी केली. टोकातून
सुपारीएवढा कागदाचा बोळा पडला.
उलगडताना वाटलं, निकाल असेल,
नाहीतर तिचा फोटो.
निघालं भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
आमच्याच खाडीचं. गुरुवार.
पूर्ण भरती अकरा बेचाळीस.
इथल्या पाण्याची भरती चवड्यात भरून
पोरगी जग चालून आली होती.

बेरिलने चष्मा लावला, आकडे मोठ्याने वाचले,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
जणू अजून वेळ असावा.
"परत घाल तो आत."

"घालते. पण तुम्हाला बोचेल."
"मला?" ती हसली, आपल्या फुगलेल्या घोट्यांकडे बघून.
"अगं, यात आता माझा अंगठाही मावायचा नाही."

पावती फाडताना माझं लक्ष गेलं:
डावी टाच बाहेरच्या बाजूने तिरपी झिजलेली.
एका रात्रीत झिजत नाही अशी.
बाजार, शाळा, दवाखाने,
किती वर्षं चालली असेल ही बाई यात, कुणास ठाऊक.
"सरळ करू? की असू दे?"

बेरिलने टाचेवर बोट ठेवलं
आणि तसंच ठेवून उभी राहिली.

मी साडेपाचला दुकान बंद करते.
पावणेसहा होऊन गेले होते.