राखेतली सुई

(टार्टू, एस्टोनिया. जानेवारी १९३१)

पट्टीबरोबर सुई गेली, आणि पट्टी मी टाकली.
हे आधीच सांगते, मागाहून कुणी सांगायला नको.
म्हातारीच्या गालावरची पट्टी, तीत रेडियमची सुई,
काडीच्या तुकड्याएवढी,
माझ्या दहा वर्षांच्या पगाराहून महाग.
सकाळपर्यंत ती भट्टीतून राखेत,
राख अंगणात, अकरा ढीग, वर बर्फ.

विद्यापीठातून साल्मे तुविके आली,
काखेत काचेची बरणी, लोणच्याची असावी तशी.
आत पितळी दांडी, दांडीला सोन्याच्या वर्खाची दोन पानं,
एकमेकांना बिलगून लोंबणारी.
तिनं लाखेची कांडी मांजराच्या कातड्यावर घासली,
वरच्या गोळीला टेकवली,
आणि पानं फाकली.
"दोघांत एकाच जातीचा भार," ती म्हणाली,
"म्हणून एकमेकांना दूर लोटतात."

पेइप्सीच्या बर्फाखाली काल्यू गेला तेव्हापासून
आई आणि मी
टेबलाच्या दोन टोकांना जेवतो.

पहिला ढीग. साल्मे घड्याळ बघून सेकंद मोजते.
पानं ढिम्म.
दुसरा. तिसरा. चौथ्यात नुसते खिळे.
पाचव्याशी मी कंदील घेऊन वाकले
आणि पानं मिटली.
धस्स झालं. बरणीला कळलं, वाटलं,
कुणी टाकली ते.
"मागे हो," साल्मे म्हणाली.
मी मागे झाले. पानं परत उघडली.
"तुझी शाल. लोकरीतही भार असतो, उलट्या जातीचा.
तू जवळ आलीस की तो पानांतला भार वर ओढून घेतो,
गेलीस की जिथल्या तिथे.
सुई तसं करत नाही. ती हवेलाच फितवते.
भार हवेत झिरपून जातो,
मग कुणी कितीही मागे सरा."

शाल काढून कुंपणावर टाकली. उणे अठरा होतं.

नवव्या ढिगाशी पानं खाली येऊ लागली,
दिवसभर ताठ उभ्या बाईचे खांदे उतरावेत तशी.
मी दोन पावलं मागे सरले. चार. दहा.
पाठ कुंपणाला टेकली.
पानं मिटलेलीच.

चाळणीत सुई निघाली, काळी पडलेली.
पगारातून किती कापणार
ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

रात्री आई सूप ढवळत होती.
शाल दाराशीच ठेवली
आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.
"राखेचा वास येतोय तुला," ती म्हणाली.
सरकली मात्र नाही.