पंचवीस लिटर

बर्डीवर डेकाटेंच्या दुकानात
तिसऱ्यांदा गेलो आम्ही.
गॅसचा नको, न्हाणीला खिडकीच नाही.
सोलर? गच्ची सोसायटीची,
वर ढोमणे वहिनींचे पापड.
"तीन लिटरचा घ्या न बाप्पा,
थंडी असते तरी किती दिवस आपल्या इकडं?"

ललिता गप्प.
तांब्याचा बंब इतवारीत
किलोवर गेला, तेव्हापासून
गरम पाण्याचा विषय निघाला की
ती गप्पच असते.

मग म्हणाली, पंचवीसवालाच द्या.
मे महिन्यात टाकी उकळते,
नळ हात भाजतो.
पहाटे भरून ठेवीन यात,
बटण न लावता.
दुपारी ड्युटीवरून याल
तर दोन बादल्या तरी...

पावतीवर लिहिलं: गिझर, एक नग.
मी खोका कडेवर घेतला,
माठ घेतात तसा.