चार नंबरची खोली

देवळाली कॅम्पात, लॅम रोडवरून आत वळलं की
एक सॅनेटोरियम आहे. म्हणजे होतं.
आता फाटकावर हॉटेल लिहिलंय,
पण रिक्षावाला जुनंच नाव घेतो
आणि घेताना जरा खाकरतो.

दर फेब्रुवारीत मी इथे उतरते.
दिंडोरी, मोहाडीच्या बागांतून द्राक्षाचे मणी मोजणं माझं काम.
अठरा मिलिमीटरच्या आतला मणी
इंग्लंडात कुणी खात नाही म्हणे.

यंदा खुद्द गिऱ्हाईकच आलं. हॅरल्डसाहेब,
सहा फूट दोन इंच,
नाकाचा शेंडा पहिल्याच दुपारी सोललेला.
खोलीत शिरताना त्यांनी मान खाली घातली.
दार नऊ फुटी.
निवृत्ती गायधनी बॅगा धरून बघतच राहिला:
हा माणूस नमस्कार कुणाला करतोय?

चहावर उलगडा झाला.
त्यांच्या गावात एक सराई आहे, पाचशे वर्षांची.
तिची तुळई इतकी खाली
की जमीनदार असो की खाटीक, वाकूनच आत.
न वाकणाऱ्यांच्या कपाळांनी
लाकूड मधोमध गुळगुळीत झालंय.
साहेब पोरवयापासून तिथे जातात;
आता दार कुठलंही असो,
मान कुणाला विचारत नाही.
त्या संध्याकाळी मी भावाचा विषय काढलाच नाही.

मग त्यांनी विचारलं, इथे भूत आहे का?
तिकडे भूत असलं की भाडं चढतं.
मी मराठीत सांगितलं. निवृत्तीने पंचा
या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.
"भूत नाही. लोक इथं बरं व्हायला यायचे.
हवा खायला. पारशी, भाटिये, तीन-तीन महिने,
संगं बंब, आचारी, पोपटाचा पिंजरा.
बरे झाले ते टांग्यानं टेशनावर गेले.
नाही झाले, तेबी टेशनावरच गेले.
ऱ्हायलं कुणीच नाही.
चार नंबरात तेवढा खोकला आहे."

खोकला हा शब्द मी दोनदा सांगितला.
साहेबांना वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय.

चार नंबर माझीच.
लोखंडी पलंग, मच्छरदाणीच्या चार काठ्या,
मच्छरदाणी नाही.
भिंतीत पितळी आकडा, इतका उंच
की त्याला काय टांगत असतील, सुचत नाही.
दोनच्या सुमारास ऐकू आला:
कोरडा, सभ्य, कुणाची झोप मोडू नये
म्हणून तळव्यात धरलेला.

आमचे मामा असं काही ऐकलं
की अंथरुणातूनच एकदा खोकत.
जागा आहे मी, एवढंच कळवायला.
तशी मी खोकले. एकदा.
बराच वेळ काही नाही.
मग व्हरांड्यातून निवृत्तीचा, विडीचा, ओला,
आणि त्यामागून सहा नंबरातून
एक भरदार इंग्रजी खोकला.

सकाळी कुणी कुणाला विचारलं नाही.
दहाला बहुल्याच्या अंगाला तोफांचा सराव सुरू झाला,
तावदानं वाजली, बशीतला चमचा सरकला,
साहेब अर्धे टेबलाखाली.
"रोजचंच," निवृत्ती म्हणाला, आणि आमलेट ठेवलं.

निघताना रजिस्टर.
नाव, कुठून, कुठे, मुक्काम किती,
आणि शेवटचा रकाना, जुन्या छपाईतून
तसाच येत राहिलेला: प्रकृतीत फरक.
इथे काय लिहायचं, साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, खरं असेल ते.
ते पेन धरून उभे राहिले,
निलगिरीची सावली पायरीवरून उतरेपर्यंत.
काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
माझ्या ओळीत मी दरवर्षीसारखी
एक रेघ ओढली.

रिक्षात चढताना मात्र
त्यांचं डोकं टपाला सणकून आपटलं.